दुसरी शिट्टी

पिशवी उघडून दाखवायची, हे माझं काम.
अद्रेच्या माळावर, सकाळी सातपासून ऊन डोक्यावर येईतो
चाळीस-चाळीस मुली समोर बसवायच्या,
एकेक वस्तू वर धरायची, तिचं नाव सांगायचं.
बादली. हिला झाकण आहे.
साबण चार. वडी कापून वापरलीत तर जास्त पुरेल.
मग कापडाच्या घड्या, धुऊन उन्हात वाळवायच्या.
इथं मुली माना खाली घालतात,
मी आवाज खाली आणते,
आणि मागे उभा असलेला ओमर
ज्वारीची पोती मोजायला लागतो, मोजलेलीच.

विजेरी सूर्यावर चालते.
सूर्याची काही ददात नाही इथं, असं मी म्हणते
रोज, त्याच जागी,
आणि रोज कुणीतरी एकच जण हसते.

शेवटी शिट्टी.
नारिंगी, बोटाएवढी, गळ्यात घालायला दोरी.
कागदावरचं वाक्य मी जसंच्या तसं म्हणते:
संकटात सापडलात तर जोरात फुंका.

मस्तूरानं हात वर केला.
कार्डावर वय तेरा. पायांत दोन चपला, दोन्ही डाव्या.
"फुंकली, की कोण येतं?"

मी कागद उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी.

जाताना तिनं शिट्टी माझ्या टेबलावर ठेवली,
वाण्यानं चुकून जास्त दिलेली मोड परत करावी तशी.
"याच्या बदल्यात एक घडी द्या."

तिच्या आईनं पुढं सांगितलं, पाण्याच्या रांगेत,
माझ्याकडे न बघता:
जेनीनाच्या घरात नऊ दिवस कुणी खोकलं नाही.
तान्ह्या भावाच्या तोंडावर या पोरीचा तळहात.
तो जगला.
पण अजून रडताना आवाज काढत नाही,
तोंड उघडतं, गाल भिजतात, बस.

आवाज केला नाही म्हणून माणूस उरतो
हे जिच्या हाडांत मुरलंय,
तिच्या हातात मी शिट्टी देत होते.
मी अबेशेच्या शाळेत शिकवायचे तेव्हा
शिट्टी म्हणजे मधली सुट्टी संपली, एवढंच.

अकरा दिवस ती माझ्या खणात पडून होती.

बाराव्या दिवशी वादीकडे सरपणाला गेलेल्या मुलींतली
एक उशिरा परतली.
ते इथं लिहीत नाही.
ज्या वहीत लिहायचं, तिला कुलूप आहे,
आणि किल्ली नर्सबाईच्या कमरेला.

दुसऱ्या सकाळी तंबूच्या दारात दोन डाव्या चपला.
"उस्ताझा, माझी द्या. आणि आणखी एक."
एका कार्डाला एकच, मी म्हटलं. नियम आहे.
"शेवटच्या तंबूतल्या तोमासाठी.
तुमच्या यादीत तिचं वय बसत नाही.
तिला झोप नाही. रात्रभर दाराशी बसलेली असते.
मी एकदा फुंकीन. तिनं दोनदा फुंकायचं."
आणि मग? ती म्हातारी काय करणार?
मस्तूरानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी वर्गात मठ्ठ पोराकडे पाहायचे.
"ऐकलं, म्हणून सांगणार."
थोडं थांबून:
"दात नाहीत तिला. पण जमतं.
बाटलीच्या टोपणावर फुंकून घेतलंय मी."

खणातली एक दिली, नव्या खोक्यातली एक.
रजिस्टरात लिहिलं: एक नग सदोष, बदलून दिला.
ओमरनं वाचलं, आणि पोती मोजायला गेला.

त्या रात्री वारा होता. ताडपत्र्या फडफडत होत्या.
मी कान देऊन पडले होते, काही वाजू नये म्हणून,
काही वाजावं म्हणूनही.
पहाटे, बांग व्हायच्या आधी, एक.
बारीक, अर्ध्यात तुटलेली,
जणू स्वतःच्याच आवाजाला बिचकलेली.
मग बराच वेळ काही नाही.
मी उठून बसले.

मग दोन.
हवाच जास्त, आवाज कमी.